चप्पल सटकते तेव्हा कळतं का?

पाय बधिर झालेला पेशंट मेडिसिनच्या वॉर्डात दाखल झाला, की फायनल इयरची मुलं त्याला एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, चालताना चप्पल पायातून सटकते का?" काका हो म्हणाले की लगेच दुसरा प्रश्न येतो. "सटकली ते तुमचं तुम्हाला कळतं, की कुणी सांगावं लागतं?" शेजारी बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, माणूस आजारी पडलाय आणि ही पोरं चप्पलेचं काय विचारत बसलीत! पण या दोन प्रश्नांत दोन वेगवेगळ्या मज्जामार्गांची तपासणी होऊन जाते. चप्पल सटकल्याचं कळतं पण बोटांनी ती धरून ठेवता येत नाही, याचा अर्थ स्नायूंची ताकद कमी झाली आहे. ती कधी सटकली याचा पत्ताच लागत नाही आणि चार पावलं पुढे गेल्यावर खडा टोचून किंवा नजर जाऊन समजतं, तर ताकद शाबूत आहे, संवेदना गेली आहे. पहिल्या पेशंटची तपासणी एका दिशेने जाते, दुसऱ्याची वेगळ्या दिशेने. हातात टेंडन हॅमर घेण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं.

असे प्रश्न बरेच आहेत. उकिडवं बसल्यावर उठताना हात टेकावे लागतात का? यातून मांडीचे आणि कमरेजवळचे स्नायू कळतात. वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, हा खांद्याचा प्रश्न. शर्टाची बटणं लावता येतात का, भाकरीचा तुकडा मोडता येतो का, हा हाताच्या बारीक स्नायूंचा. आंघोळीचं पाणी दोन्ही पायांना सारखंच गरम लागतं का, यावरून वेदना आणि तापमान वाहून नेणारा मार्ग समजतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? पायांकडून मेंदूला जाणारी खबर बंद पडली, तर माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो आणि डोळे मिटले की डगमगतो. जर्मन वैद्य मॉरिट्झ रॉम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात हे लक्षण नोंदवलं. परीक्षेत "रॉम्बर्ग साइन पॉझिटिव्ह" म्हणून मार्क मिळतात, पण पेशंटच्या लेखी ती सकाळी न्हाणीत भिंत धरायला लावणारी भीती असते.

यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झालं. जिल्ह्यातल्याच पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेल्या माजी मुख्यमंत्र्यांचं नाव त्याला आहे. अशा कॉलेजात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुलं येतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला इथे शरीररचनाशास्त्राच्या जोडीला वऱ्हाडी शिकावी लागते. "हात उचलूनच नाही राहिला", "पायाला मुंग्या येऊन राहिल्या", "तोंड वाकडं झालं", "लकवा मारला" ही इथली हिस्टरी. ती नीट ऐकून घेतली तर पेशंट स्वतःच निदान सांगून जातो.

तरीही परीक्षेच्या दिवशी बहुतेकांची मनोमन एकच विनवणी असते, न्यूरोची केस नको. श्वसनाची चालेल, हृदयाची चालेल, पोटाची तर उत्तमच. ही भीती फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतले न्यूरोलॉजीचे शिक्षक राल्फ जोझेफोविच यांनी १९९४ मध्ये तिला 'न्यूरोफोबिया' असं नाव दिलं, आणि तिचं कारणही मांडलं. मुलांना मूलभूत विज्ञान शिकवलं जातं, पण पेशंटसमोर उभं राहिल्यावर ते वापरायचं कसं, हे जुळवून दिलं जात नाही.

आपल्या एमबीबीएसच्या रचनेत हे स्पष्ट दिसतं. मेंदूचे छेद, मज्जारज्जूतले मार्ग, कवटीतून निघणाऱ्या बारा नसा हे सगळं पहिल्या वर्षी अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीत येतं. अठरा-एकोणीस वर्षांचं वय, फॉर्मलिनचा वास, आणि अजून एकही पेशंट न पाहिलेला. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी. अर्धांगवायूचा माणूस समोर येऊन त्याची केस मांडायची वेळ येते ती फायनलला. तोवर पहिल्या वर्षी पाठ केलेले मार्ग विरून गेलेले असतात. २०१९ च्या बॅचपासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच पेशंट दाखवण्याची आणि विषय एकमेकांशी जोडून शिकवण्याची तरतूद आहे. दिशा योग्य आहे. मात्र शिक्षक प्रत्यक्षात किती वेळ देतो, यावर सगळं अवलंबून राहतं.

मग रिव्हिजन कुठून सुरू करायची? चांगले शिक्षक सांगतात, रोगांच्या यादीपासून नको. आधी जागा शोधा. लीजन, म्हणजे बिघाड, कुठे आहे? ते ठरलं की काय झालं असेल हा दुसरा प्रश्न, आणि का झालं हा तिसरा. विहिरीवरचा पंप सुरू होत नसेल तर शेतकरी आधी डीपी बघतो, मग स्टार्टर, मग केबल, आणि शेवटी मोटार वर काढतो. शरीरातला हालचालीचा मार्गही असाच टप्प्याटप्प्यानं तपासायचा असतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेले तंतू आतल्या 'इंटर्नल कॅप्सूल' नावाच्या पट्ट्यात एकवटतात, मेंदूच्या देठातून उतरतात, मेड्युलाच्या खालच्या टोकाला बहुतांश तंतू बाजू बदलतात, मज्जारज्जूत पुढच्या शिंगातल्या पेशीपाशी थांबतात. तिथून नवी नस निघते आणि स्नायूला भिडते. प्रत्येक टप्प्यावर बिघाडाची खूण वेगळी.

डाव्या मेंदूच्या कॅप्सूलमध्ये रक्तस्राव झाला तर उजवा चेहरा, हात आणि पाय तिन्ही सारखेच लुळे पडतात, कारण तिथे सगळे तंतू एका चिंचोळ्या जागेत दाटलेले असतात. तोच बिघाड मेंदूच्या पृष्ठभागावर झाला तर हात-चेहरा जास्त आणि पाय कमी, किंवा उलट, कारण तिथे तंतू पसरलेले असतात. एका बाजूची पापणी पडलेली आणि दुसऱ्या बाजूचा हात-पाय गेलेला दिसला, तर बोट थेट मध्यमेंदूवर ठेवायचं. हर्मन वेबर यांनी १८६३ मध्ये वर्णन केलेलं हे चित्र आजही व्हायव्हात विचारलं जातं. मज्जारज्जूचा अर्धा भाग कापला गेला, तर ज्या बाजूला जखम त्या बाजूची ताकद जाते, पण वेदना आणि तापमानाची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते. विद्यार्थ्याला हे कोडं वाटतं. वेदनेचे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात बाजू बदलतात आणि ताकदीचे तंतू वर मेड्युलातच बदलून आलेले असतात, हे एकदा कागदावर स्वतः काढून पाहिलं की कोडं उरत नाही. काढून पाहणं महत्त्वाचं. छापील आकृतीकडे दहा वेळा बघण्यापेक्षा कोऱ्या कागदावर एकदा चुकतमाकत काढलेली आकृती जास्त टिकते. स्मरणातून बाहेर काढण्याचा सराव पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा सरस ठरतो, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगानं दाखवून दिलं.

बेडसाइडला आधार असतो तो एका मुंबईच्या पुस्तकाचा. पी. जे. मेहता यांचं 'प्रॅक्टिकल मेडिसिन' महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी एप्रनच्या खिशात वागवलं. पेशंटला काय विचारायचं, कुठल्या क्रमानं तपासायचं आणि परीक्षक काय विचारतील, हे त्यात नेमकं सापडतं. गोलवाला यांचं पुस्तकही मुंबईचंच. हॅरिसनचे जाडजूड खंड टेबलावर असतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री हात जातो तो या पुस्तकांकडे. हॉस्टेलच्या खोलीत मुलं एकमेकांचेच गुडघे ठोकून सराव करतात. गुडघ्याच्या या झटक्याचं वर्णन एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे केलं. तळपायावर बोथट टोक ओढल्यावर अंगठा वर उचलला जाणं ही बाबिन्स्कीची १८९६ ची नोंद. एवढ्या साध्या खुणेवरून वरच्या मार्गात बिघाड आहे की खालच्या नसेत, हे सांगता येतं. त्यासाठी एमआरआय लागत नाही आणि रात्री दोन वाजताही ते करता येतं.

पाठ्यपुस्तक आणि यवतमाळ जिल्हा यांची सर्वांत जवळून गाठ पडते ती नस आणि स्नायू यांच्या मधल्या फटीत. ही फट इतकी अरुंद, की साध्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसतही नाही. नसेच्या टोकातून असिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडच्या रिसेप्टरवर बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. मग कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्या रसायनाचं तत्काळ विघटन करतं, म्हणजे पुढच्या आदेशासाठी जागा मोकळी होते. नसा रसायनाच्या साहाय्यानं संदेश देतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवलं. १९३६ मध्ये त्यांना आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. आणि त्याच १९३६ च्या अखेरीस जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हे रसायनतज्ज्ञ नवं कीटकनाशक शोधताना ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या इतक्या जहाल पदार्थापर्यंत पोचले, की त्याचं पुढे युद्धासाठीचं विष झालं. त्याच गटातली सौम्य भावंडं नंतर शेतात आली.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यानं या रसायनशास्त्राची जबर किंमत मोजली. कापूस डोक्याएवढा वाढला होता, किडीचा जोर होता, फवारण्या एकामागून एक चालल्या होत्या. उंच झाडांवर मारलेलं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर, अंगावर येत होतं. तोंडाला फडकं, अंगात रोजचाच सदरा, हातमोजे नाहीत. जुलैपासून पुढच्या काही महिन्यांत शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यांत दाखल झाले. जिल्ह्यात किमान वीस जण दगावले. राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं आणि प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. मेलेल्यांत बहुतेक कमावती माणसं होती, आणि कित्येक जण तर दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारायला गेलेले मजूर होते.

त्या काळात कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या प्रत्येक ज्युनियर डॉक्टरसमोर फिजिऑलॉजीचा पहिल्या वर्षाचा धडा जिवंत होऊन आला होता. ऑर्गनोफॉस्फेटमुळे कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पडलं की असिटाइलकोलीन साचत जातं. मग तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, उलट्या, जुलाब, छातीत भरलेला कफ, टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या बाहुल्या. हा झाला एका प्रकारच्या रिसेप्टरवरचा परिणाम. दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरवर स्नायू आधी थरथरतात, कातडीखाली किडे वळवळल्यासारखे दिसतात, आणि मग थकून लुळे पडतात. मेंदूवर परिणाम होऊन माणूस बरळतो, त्याला झटके येतात. अॅट्रोपिन हा उतारा पहिल्या प्रकारावर काम करतो. छाती कोरडी होईपर्यंत त्याचा डोस दर काही मिनिटांनी दुप्पट करत न्यायचा. पण लुळ्या पडलेल्या स्नायूंवर अॅट्रोपिनचा उपयोग शून्य. हा एवढा फरक ज्याला पक्का ठाऊक आहे, तो पेशंटची नाडी सुधारली म्हणून निर्धास्त होत नाही, त्याच्या श्वासावर नजर ठेवतो.

परीक्षेत एक प्रश्न हटकून येतो. एका माणसाच्या बाहुल्या टाचणीएवढ्या आहेत आणि तोंडाला लाळ सुटली आहे, दुसऱ्याच्या बाहुल्या विस्फारलेल्या आहेत, तोंड कोरडं आहे आणि तो हवेत काहीतरी पकडत बरळतो आहे. पहिला कीटकनाशकाचा, दुसरा धोतऱ्याचा. धोतऱ्याच्या बियांत अॅट्रोपिनच्याच जातीची द्रव्यं असतात. एकाचं विष दुसऱ्याच्या औषधाचं भाऊबंद आहे, हे कळलं की दोन्ही चित्रं विसरता येत नाहीत. मात्र २०१७ मध्ये सगळेच पेशंट अशा स्वच्छ चित्रात बसणारे नव्हते. वापरात असलेली सगळी औषधं ऑर्गनोफॉस्फेट नव्हती. डायफेन्थियुरॉनसारख्या दुसऱ्या गटातल्या द्रव्यांना कुठलाच खास उतारा नाही, आणि शेतकरी अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र कालवत होते. अशा वेळी रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासलं तर वाट सापडते. ही तपासणी जागच्या जागी होणं किती गरजेचं आहे, हे त्या हंगामानं राज्याला शिकवलं.

या विषयात महाराष्ट्राचं काम जगाच्या पुस्तकांत नोंदलं गेलेलं आहे, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्गनोफॉस्फेट घेतलेल्या दोनशे पेशंटांचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. दाखल होताना दिसणारी लक्षणं एक आणि साधारण एका दिवसानंतर, अॅट्रोपिन चालू असतानाच उमटणारा लुळेपणा दुसरा, असा फरक त्यांनी दाखवून दिला. श्रीलंकेच्या सेनानायके आणि करल्लियाड्डे यांनी १९८७ मध्ये या दुसऱ्या टप्प्याला 'इंटरमीडिएट सिंड्रोम' हे नाव दिलं. आज प्रश्नपत्रिकेत तेच नाव येतं. तो ओळखायची बेडसाइडची युक्ती अगदी सोपी आहे. पेशंटला सांगायचं, उशीवरून मान उचला. बोलतोय, शुद्धीत आहे, छाती कोरडी आहे, पण मान उचलता येत नाही, तर काही तासांत श्वासाचे स्नायू थकू शकतात. व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. पहिल्या चार दिवसांत ही तपासणी प्रत्येक राउंडला व्हायला हवी.

बारामतीचंही नाव इथे घ्यावं लागतं. तिथल्या एका रुग्णालयात डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी प्रालिडॉक्सिम या उताऱ्याची चाचणी घेतली. ते सलग सलाइनमधून द्यावं की थांबून थांबून, या प्रश्नावरचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि सलग, जास्त मात्रेत दिल्याचा फायदा त्यात दिसला. श्रीलंकेत झालेल्या २००९ च्या चाचणीत मात्र या औषधाचा लाभ आढळला नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही. एमसीक्यूला एकच पर्याय बरोबर असतो, वॉर्डात असे पुरावे एकमेकांसमोर ठेवून निर्णय घ्यावा लागतो. शिकणाऱ्यानं दोन्हीची तयारी ठेवायला हवी.

आणि दोन-तीन आठवड्यांनी, माणूस बरा होऊन घरी गेल्यावर, काही कीटकनाशकांमुळे लांब नसांची टोकं मरू लागतात. पोटऱ्या दुखतात, पायाला मुंग्या येतात, पाऊल खाली लोंबतं. आता त्याची चप्पल सटकू लागते. ओपीडीत आलेल्या अशा माणसाला तुम्ही मागच्या महिन्यात फवारणी केली होती का, असं विचारणारा डॉक्टर लागतो.

त्याच फटीवर सापही हल्ला करतो. नागाचं विष पलीकडच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणजे रसायन सुटतं पण त्याला बसायला जागा उरत नाही. निओस्टिग्मिन देऊन एन्झाइम थोडं रोखलं, रसायन वाढवलं, तर पापण्या उघडताना दिसू शकतात. मण्यारीचं विष अलीकडच्या बाजूला, नसेच्या टोकालाच उद्ध्वस्त करतं. तिथे निओस्टिग्मिन फारसं कामी येत नाही, नसेची टोकं पुन्हा तयार होईपर्यंत श्वास चालू ठेवावा लागतो. मण्यार रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला, आणि चावल्याची खूण वा वेदना अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतं, सकाळी पापण्या जड होतात, गिळता येत नाही. बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेलेला असा पेशंट दुपारी निळा पडून येतो. पापणी पडणं, गिळण्याचा त्रास आणि वरून खाली उतरत जाणारा लुळेपणा हा क्रम ज्यानं मनात कोरला, तो दंशाची खूण नसली तरी प्रतिसर्पविष सुरू करतो. हे प्रतिसर्पविष बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत मुंबईच्या हाफकिनचं नाव जुनं आहे.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे मण्यारीच्याच कुळातल्या सापाच्या विषातून तैवानच्या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये वेगळं काढलेलं अल्फा-बंगारोटॉक्सिन पुढे रिसेप्टर ओळखण्याचं हत्यार ठरलं. त्यातूनच मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये शरीर स्वतःच्याच रिसेप्टरवर हल्ला करतं, हे उलगडत गेलं. संध्याकाळी पापण्या मिटणाऱ्या त्या पेशंटांना एन्झाइम रोखणारं औषध उपयोगी पडतं, हे लंडनमधल्या ग्रीनिचमध्ये मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये दाखवलं होतं. कीटकनाशक, नाग, मण्यार, मायस्थेनिया. चार वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली ही चार चित्रं एका फटीभोवती मांडून वाचली, की पाठांतर निम्म्यावर येतं.

जिल्ह्याचे धडे इथेच संपत नाहीत. केळापूर, झरी-जामणीच्या पट्ट्यात भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर मणक्यांची हाडं जाड होतात, मज्जारज्जूवर दाब येतो आणि दोन्ही पाय ताठरतात. आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. दहा वर्षांच्या मुलाला अर्धांगवायू झाला तर विदर्भात हा रोग आधी आठवायला हवा. शेजारी वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन आहे. कुष्ठरोगात कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नस जाड होऊन बोटाला लागते, ती चाचपता येणं ही परीक्षेतली शॉर्ट केस तर आहेच, पण वेळेत सापडली तर हाताचा पंजा वाचतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात आणि आसपास, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गिया-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित पेशंट सापडले, आणि तोवर केवळ परीक्षेच्या पेपरात दिसणारं नाव घराघरांत पोचलं. पायांपासून वर चढणारा लुळेपणा, हरवलेले जर्क. १९१६ पासून पुस्तकात असलेलं हे वर्णन त्या दिवसांत राज्यातल्या प्रत्येक इंटर्ननं पुन्हा उघडून वाचलं असेल.

बोलण्याची तपासणी हा इथला वेगळाच कस आहे. अर्धांगवायूच्या पेशंटला भाषा समजते का, बोलता येतं का, नावं सांगता येतात का, यावरून डाव्या मेंदूतली जागा कळते. पण पेशंट कोलाम असेल तर त्याची घरची भाषा कोलामी. पुसद, दिग्रसकडची बंजारा आजी गोरमाटीत विचार करते. मराठीत दिलेली सूचना तिला पाळता आली नाही, म्हणून तिला अफेजिया झाला असं लिहिणं ही चूक. शेजारच्या नातवाला बोलवायचं, तिच्याच भाषेत विचारायला लावायचं. लक्ष आणि स्मरणशक्ती तपासताना शंभरातून सात वजा करत जा, हा प्रश्न कधी शाळेत न गेलेल्या माणसाला लागू होत नाही. त्याऐवजी गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, यंदा पेरा कशाचा केला, हे विचारता येतं. उत्तर भारतात अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी खास चाचणी १९९०च्या दशकात तयार झाली, ती याच गरजेतून.

नीट-पीजीला साडेतीन तासांत दोनशे प्रश्न सोडवायचे असतात. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. त्यामुळे फायनलनंतरची मुलं मोबाईलवर प्रश्नांमागून प्रश्न सोडवत बसतात, आणि वॉर्डात जाणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटू लागतो. ही समजूत घातक आहे. आता परीक्षेतही कोरड्या व्याख्या कमी होत चालल्यात आणि वय, व्यवसाय, किती दिवसांपासून काय होतंय अशा गोष्टीच्या रूपात प्रश्न येतात. ज्यानं फवारणीचा एक पेशंट चार दिवस रोज जाऊन पाहिला, त्याची मान उचलून घेतली, त्याला इंटरमीडिएट सिंड्रोमवरचा प्रश्न वाचतानाच उत्तर दिसतं. रोज एक पेशंट, त्याची एक आकृती आणि त्यावरचे दहा प्रश्न, असा क्रम ठेवणाऱ्याला दोन्हीकडे फायदा होतो.

यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. लकव्याचा पेशंट मारेगाव किंवा उमरखेडकडून आला असेल तर वाटेतच वेळ गेलेला असतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. ही साडेचार तासांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. घड्याळ कधी सुरू करायचं, यात मात्र गफलत होते. नातेवाईक सांगतात, "सकाळी सहाला उठवायले गेलो, तं हात उचलूनच नाही राहिले." म्हणून सहा वाजले असं धरून चालत नाही. विचारायचं असतं ते असं, की रात्री त्यांना धडधाकट शेवटचं कुणी पाहिलं आणि किती वाजता? दहाला जेवून झोपले असतील तर घड्याळ रात्री दहालाच सुरू झालं. मधे पाण्याला उठून ते कुणाशी नीट बोलले असतील, तर मात्र ते तास वाचले. कॅज्युअल्टीतल्या इंटर्ननं हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारायचा असतो, कारण रात्री तीनला आजोबांना तांब्या देणारी सून बहुधा दाराबाहेर उभी असते आणि तिला अजून कुणी विचारलेलंच नसतं.